चक्रवाढीचे गणित आणि ‘ब्रेक’

गेल्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आर्थिक साक्षरतेचा वर्ग योजला होता. निवृत्त प्राध्यापक म्हणून मलाही बोलावणे होते. व्याख्याते उत्साही होते. दरमहा 5000 रुपये गुंतवावेत, 12 टक्के परतावा मिळत राहावा, म्हणजे 30 वर्षांत पावणेदोन कोटींवर रक्कम जमते, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखविले. गणित बिनचूक होते. भाववाढ 6 टक्के धरली तर त्या रकमेची आजची किंमत तीस-एकतीस लाखच भरते, एवढे मात्र सांगायचे राहिले. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. सकाळी एम. कॉम.चे वर्ग गाठून तो दुसऱ्या पाळीला चाकणला कामावर जातो. त्याने विचारले, “सर, सात महिने झाले की आम्हाला ब्रेक देतात. तेव्हा हप्ता कोठून भरायचा?” वर्ग हसला. व्याख्यात्यांनी त्याला खर्चावर नियंत्रण ठेवण्याचा सल्ला दिला.

या शिक्षणात विद्यार्थ्याची कल्पना भावी गुंतवणूकदार म्हणून केलेली आहे; श्रम विकून जगणारा माणूस म्हणून तो त्यात कोठेच नाही. पैसा कोठे ठेवावा हे सांगायचे आणि तो मिळतो कसा, कापला जातो कसा, याविषयी मौन पाळायचे. पुढे हाती काही उरले नाही तर दोष त्याच्या बेशिस्तीचा! नोकरीच्या अशाश्वतीची जबाबदारी मालक आणि शासन यांच्या खांद्यावरून अलगद उतरते ती अशी.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या संदर्भात बोलकी आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक. 2023-24 मध्ये यांतले 43 टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांहून कमी असल्याचे सांगितले होते. आलेख वाचता येत नव्हते म्हणून ही मंडळी बुडाली, असे मला म्हणवत नाही. वेतनातून आयुष्य उभे राहील हा भरवसाच ज्याचा उडाला, तो सट्ट्याकडे वळणारच.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत साप्ताहिक सुट्टीबरोबरच एक मागणी अशी होती की, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. उशिरा दिलेला पगार म्हणजे कामगाराने मालकाला दिलेले बिनव्याजी कर्ज; आणि ते देण्यासाठी त्याने स्वतः सावकाराकडून व्याजाने उचल घ्यायची! हे अर्थशास्त्र कळायला त्या कामगारांना पदवी लागली नव्हती.

आजच्या पदवीधराने मात्र आधी नेमणूकपत्रातील शब्द वाचायला हवा. ‘शिकाऊ उमेदवार’ असे लिहिले असेल, तर 1961 च्या कायद्याने तो कामगारच नव्हे. यंत्र तेच, पाळी तीच, पण ज्याला वेतन म्हणायचे ते विद्यावेतन होते. ‘निश्चित मुदतीचा कर्मचारी’ असे लिहिले असेल, तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार त्याला एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. 1972 च्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षे लागत. या श्रमसंहितांविषयी आपले आक्षेप आहेतच, परंतु जे कलम मुलांच्या पदरात पडू शकते ते तरी त्यांना ठाऊक हवे. निवृत्तिवेतनाचेही तसेच. मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, पण मासिक निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. दर सात महिन्यांनी ब्रेक घेणाऱ्याची दहा वर्षे भरायची केव्हा? व्याख्यात्यांच्या तीस वर्षांच्या गणिताला खरे उत्तर हे होते.

यातला काही दोष आपलाही आहे. पूर्वीच्या अभ्यासमंडळांत वरकड मूल्यावर तासन्‌तास चर्चा होई. कारखान्याचा ताळेबंद आणि वेतनपत्रक समोर ठेवून बसण्याचा कंटाळा मात्र आपण सर्वांनीच केला. बँकांचे आणि म्युच्युअल फंडांचे प्रतिनिधी महाविद्यालयांत पोहोचले ते त्या रिकाम्या जागेत. भोसरी-आकुर्डीच्या, चाकणच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातला एक रविवार या कामाला द्यावा. मजकूर मुलांच्या खिशातच असतो.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो मुलगा आणि मी महाविद्यालयाबाहेर चहाला थांबलो. त्याने मोबाइलवर वेतनपत्रक दाखविले. भविष्य निर्वाह निधीची कपात दरमहा होत होती. त्याचे पासबुक उघडले, तर गेल्या तीन महिन्यांची नोंदच नव्हती. कंत्राटदाराला विचारले तर पुढच्या वेळी कामावर घेणार नाही, अशी त्याला भीती. आम्ही तेथेच कागद घेऊन निधी कार्यालयाला द्यावयाच्या अर्जाचा मसुदा केला. सही करण्यापूर्वी त्याने विचारले, “सर, आमच्या लाइनवरच्या अकरा जणांचे असेच आहे; एकाच अर्जावर सगळ्यांच्या सह्या चालतील ना?”