वाळवंटांतील सोनेरी घटका

छायाचित्रकलेवर हल्लीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें जातें त्यांत एक सिद्धान्त इतक्या वेळां घोळला जातो कीं, त्यास हरकत घेणें म्हणजे अरसिकपणाचा शिक्का आपल्या हातानें कपाळीं मारून घेणें होय. तो सिद्धान्त असा : वाळवंटांतील खडकाचें चित्र घ्यावयाचें तर तें सूर्यास्तापूर्वींच्या दोन-अडीच घटकांतच घ्यावें, बाकीचा दिवस पायपिटीसाठीं, फराळासाठीं आणि सावलींत लोळण्यासाठीं. या वेळेस 'सोनेरी' असें नांवहि मिळालें आहे. आमचें म्हणणें असें कीं, या सोन्याच्या नादानें छायाचित्रकारांची नजर अधू झाली आहे, चित्र पाहणारे फसत आहेत, आणि ज्या खडकांच्या कौतुकासाठीं हा सारा खटाटोप, त्यांच्या पायथ्याची माती त्या कौतुकाच्याच पायांखालीं चुरडली जात आहे.

उदाहरण दूरचें पण परिचयाचें घेऊं. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत 'आर्चेस' नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी तेथें मोजल्या गेल्या आहेत. त्यांतली 'डेलिकेट आर्च' ही सर्वांत विख्यात. यूटाच्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवरहि ती छापली गेली. तिची पोकळी ४६ फूट उंच व ३२ फूट रुंद आहे. तिच्यापर्यंतची वाट जाऊन-येऊन सुमारें तीन मैलांची, ४८० फूट चढाची आणि बरीचशी उघड्या कातळावरून जाणारी आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहणारीं आपलीं मंडळी सुटी साधून तेथें जातात, आणि त्यांच्या कृपेनें या कमानीचें सूर्यास्तचित्र पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांपर्यंत येऊन पोंचलें आहे. चित्र एकच, घेणाऱ्याचें नांव तेवढें निराळें.

आतां या उजेडाचें रहस्य पाहूं. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हां त्याचे किरण, तो माथ्यावर असतांना लागते त्याच्या सुमारें ३८ पट हवेंतून आपल्यापर्यंत येतात. वाटेंत निळा भाग विखुरला जातो, तांबडा उरतो. तेथील खडक मुळांतच तांबडा, कारण वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचें पातळ पुट असतें. तांबड्यावर तांबडें चढलें म्हणजे दृश्य मनोहर होतें, हें कोण नाकारतो? तिरप्या उजेडानें पृष्ठभागावरील खांचखळगे उठून दिसतात, हेंहि मान्य. परंतु त्याच तांबडेपणांत थराथरांतील फिकट-गडद भेद बुडून जातात, आणि कमान दगडाची न राहतां निखाऱ्याची होते. ही कमान झाली कशी? सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वींचा समुद्र आटून मिठाचा जाड थर राहिला. वरच्या खडकांच्या ओझ्याखालीं तें मीठ हळूहळू सरकलें व फुगलें. वरचा वालुकाश्म समांतर भेगांनीं चिरला. त्या भेगा पाण्यानें व थंडींतल्या बर्फानें रुंदावून उंच, पातळ भिंती उरल्या. आणि कांहीं भिंतींना भोंकें पडलीं. हा सारा इतिहास सकाळीं दहा वाजतां, सपाट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या उजेडांत, स्वच्छ वाचतां येतो. सोनेरी घटकेचा उपासक त्या वेळीं गाडींत झोपलेला असतो.

शिवाय या पंथाला आपल्याच दैवतांचा विसर पडतो. ॲरिझोनांतील अँटिलोप दरींत वरच्या फटींतून उतरणारे प्रकाशाचे जे झोत जगभर गाजले, ते ऐन दुपारचे आहेत. (ते नीट दिसावेत म्हणून वाटाडे मूठ-मूठ वाळू हवेंत उधळीत, हा भाग चित्राखालीं कोणी छापीत नाहीं.)

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. छायाचित्र हें कांहीं पंचनाम्याचा कागद नव्हे, असें म्हटलें जाईल; ॲन्सेल ॲडम्सनें १९२७ सालीं योसेमिटींतील 'हाफ डोम'चें चित्र घेतांना भिंगावर गडद तांबडी कांच चढवून निळें आकाश जवळजवळ काळें केलें, तेव्हां तुम्ही कोठें होतां? आम्ही त्याच्याच बाजूला आहों. त्याचें न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ गांवावरचें चंद्रोदयाचें चित्र घ्या. मावळतीचा उजेड स्मशानांतल्या क्रुसांवरून निसटत होता, प्रकाशमापक हाताला लागेना. चंद्राची तेजस्विता किती हें त्याला पाठ होतें, तेवढ्यावर त्यानें हिशेब केला आणि चित्र घेतलें. पुढें प्रती काढतांना त्यानें आकाश उत्तरोत्तर अधिक काळें केलें. हें सारें खरें. पण त्याला स्वतःला त्या दिवसाची तारीख आठवत नव्हती, ती खगोलशास्त्राच्या जाणकारांनीं त्या चित्रांतल्या चंद्राच्या स्थानावरून काढली : १ नोव्हेंबर १९४१. आकाश काळें करूनहि चंद्र जेथें होता तेथेंच राहिला होता, म्हणून हें साधलें. उलट, फोटोशॉप नांवाच्या संगणकीय साधनांत २०२० सालीं एका खटक्यासरशीं आकाशच बदलून टाकण्याची सोय आली. अशा चित्रावरून उद्यां कोणता ज्योतिषी तारीख काढणार? छटा गडद करणें ही चित्रकाराची मर्जी आम्ही समजूं शकतों. घडलेंच नाहीं तें घडल्याचें सांगणें ही मर्जी नव्हे.

आणि रंगाची गोष्ट तरी एक वेळ सोडून देऊं. या चित्रांतील मोठें असत्य रंगाचें नाहींच. तें एकांताचें आहे. १८६७ सालीं टिमथी ओ'सलिव्हन हा छायाचित्रकार सरकारी पाहणीच्या तुकडीबरोबर नेव्हाडाच्या वाळवंटांत होता. कांच ओली असतांनाच चित्र घेऊन ती लगेच धुवावी लागे, म्हणून त्याची अंधारी खोली खेचरांच्या गाडीवर त्याच्यासंगें फिरे. वाळूच्या टेकड्यांच्या त्याच्या एका चित्रांत ती गाडी उभी आहे, खेचरें उभीं आहेत, आणि गाडीपासून थेट पाहणाऱ्याच्या दिशेनें त्याचीं स्वतःचीं पावलें वाळूंत उमटलेलीं आहेत. त्यानें तीं पुसलीं नाहींत. मी येथें आलों, गाडी घेऊन आलों, एवढें तें चित्र निमूटपणें सांगतें.

आजचा छायाचित्रकार पहिलें काम करतो तें पावलें पुसण्याचें. डेलिकेट आर्चसमोरच्या कातळाच्या वाटोळ्या उतारावर हंगामांत संध्याकाळीं तिपायांची रांग लागते. कोणी बापडा हौसेनें कमानीखालीं जाऊन उभा राहिला कीं, मागून ओरडा सुरू होतो : बाजूला व्हा! तीन मैलांसाठीं घाम गाळणाऱ्या त्या माणसाला कमानीखालीं उभें राहण्याचा हक्क नाहीं, कारण तो शंभर जणांच्या एकांतांत विघ्न आणतो! वास्तविक तो तेथें होता म्हणूनच ४६ फूट म्हणजे केवढें हें कळणार होतें. त्याला हाकलल्यावर उरते ती कमान कपाटावर मांडलेल्या खेळण्याएवढी कीं देवळाएवढी, हें चित्रावरून कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

हा नुसता वादाचा मुद्दा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण रिकाम्या वाळवंटाचीं चित्रें पाहून लोक रिकामें वाळवंट शोधावयास निघतात, आणि तें न मिळालें म्हणजे वाट सोडून आडवे शिरतात. तेथील जमिनीवर काळसर, खडबडीत अशी एक सजीव साय असते. सूक्ष्म जीवांच्या तंतूंनीं वाळू बांधून धरलेली. वाऱ्यापाण्यापासून माती वांचते ती तिच्यामुळें. एका पावलानें ती मोडते आणि पुन्हा धरावयास कित्येक वर्षें, कधीं कधीं पिढ्या लागतात. तिचें चित्र कोणी घेत नाहीं. ती सूर्यास्तालाहि काळीच दिसते. गर्दी आवरेना म्हणून उद्यानाला २०२२ सालीं वेळ नेमून प्रवेश देण्याची पद्धत सुरू करावी लागली. आणि या वेडाचा कळस २००० सालींच झाला होता. एका नांवाजलेल्या छायाचित्रकारानें शिष्यांना रात्रीचें चित्रण दाखविण्यासाठीं डेलिकेट आर्चच्या पायाशीं आग पेटविली. कातळावर तेलकट डाग पडले. खटला झाला, त्यानें गुन्हा कबूल केला, भरपाईचा हुकूम झाला. लोकांनीं त्यास शिव्या दिल्या. पण आमच्या मतें त्यानें पंथाचें तत्त्वच निष्ठेनें पाळलें होतें. उजेड सर्वस्व आणि खडक निमित्त, हें एकदां मानल्यावर, सूर्य मावळला तर सरपण आणावें, हें ओघानेंच येतें.

"पण अशीं चित्रें पाहूनच लोकांस निसर्गाची गोडी लागते," हा शेवटचा कैवार. त्यांत तथ्य आहे. विल्यम हेन्री जॅक्सननें १८७१ सालीं घेतलेल्या छायाचित्रांचा यलोस्टोनला पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय उद्यान करण्याच्या कामीं मोठा उपयोग झाला. मात्र जॅक्सननें लोकांनीं न पाहिलेलें दाखविलें होतें. आजचा छायाचित्रकार लोकांनीं लाख वेळां पाहिलेलेंच, आणि तेंहि माणसें वगळून, दाखवितो. त्या उद्यानांतली 'वॉल आर्च' ही मोठी कमान ऑगस्ट २००८ मध्यें एका रात्रीं कोसळली. ती पडतांना कोणाचाहि कॅमेरा तिच्यावर नव्हता. १९५० नंतरच्या दशकांत डेलिकेट आर्च झिजूं नये म्हणून तिला पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप देण्याचा विचार झाला होता, आणि सुदैवानें तो सोडून दिला गेला. झिजणें आणि पडणें हाच जिचा स्वभाव, तिला आपण मात्र चित्रांत अक्षय, निर्मनुष्य आणि सदा सायंकालीन करून ठेवलें आहे.

छायाचित्रांच्या स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांना आणि रंगीत मुखपृष्ठें छापणाऱ्या संपादकांना आमची मागणी साधी आहे. खडकाच्या प्रत्येक चित्राखालीं तें घेतल्याची वेळ छापा. आकाश दुसरीकडून आणलें असेल तर तसें छापा. आणि पुढल्या वर्षीं एक बक्षीस भर दुपारच्या चित्राला ठेवा. कमानीखालीं कोणी उभा असेल तर त्याला उभा राहूं द्या.