कंपनीचा वर्क व्हिसा: खर्च कुणाचा, किती?

‘व्हिसा आलाय, पैसे तयार ठेवा.’ आखातातल्या नोकरीची बोलणी एजंटच्या या वाक्यावर आली, की चांदवडसारख्या तालुक्यात घरचे लोक कांद्याच्या पट्टीचा हिशोब करू लागतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर दागिने गहाण पडतात. पण नोकरीवर कंपनी बोलावत असेल, तर व्हिसाचा खर्च नेमका कुणाचा?

कायदा काय सांगतो?

सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यातील कलम ४० नुसार भरतीची फी, वर्क परमिट आणि इकामा (राहण्याचा परवाना) यांचा खर्च मालकाचा असतो. संयुक्त अरब अमिरातीतही २०२१ च्या कायद्यानं भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर लावलेली १ लाख डॉलरची फीसुद्धा कंपनीवरच आहे.

मग उमेदवारानं काय भरायचं?

३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये आहे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात. १८ टक्के जीएसटी धरून ही रक्कम ३५,४०० रुपये होते आणि तिची पावती द्यावी लागते.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. त्यांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जायला सरकारी मंजुरी लागते. त्यासाठीच्या प्रवासी भारतीय विम्याचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये असून संरक्षण १० लाखांचं आहे. वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा.

मग लाखांचा आकडा येतो कुठून?

बहुतेकदा मधल्या साखळीतून. गावातला ओळखीचा माणूस, शहरातला एजंट, तिथला मध्यस्थ असे सगळेच आपापला वाटा काढतात. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या कुणालाही अशी भरती करता येत नाही. तरी पैसे रोख घेतले जातात, पावती मिळत नाही. पुढे काम ठरल्याप्रमाणे नसलं किंवा पगार थकला, तरी डोक्यावरच्या कर्जामुळे कामगाराला परतता येत नाही.

पैसे देण्याआधी काय तपासाल?

• एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे का?
• करारात पगार आणि व्हिसाचा खर्च कुणाचा, हे लिहिलंय का?
• व्हिसा नोकरीचाच आहे ना? पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

शंका असल्यास प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक आहे: १८००-११-३०९०.