आजोबांचा दाखला, नातीचा पसंतीक्रम

पोरांच्या पुढच्या शिक्षणाची काळजी घेणं म्हणजे क्लासची फी भरणं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. अकरावीला मुलाला छत्रपती संभाजीनगरला नाहीतर लातूरला पाठवायचं, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरायचे, वेळ पडली तर उसनवारी करायची, एवढं केलं की आईबापाचं काम संपलं. मार्क पडले तर पुढचं आपोआप होईल, हा त्यामागचा विश्वास. पण पुढचं आपोआप होत नाही. बारावीच्या निकालानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत चांगले मार्क असलेली मुलंही मागे पडतात, ती कागदावरून. कुणाची जात वैधता आलेली नसते, कुणाचं नॉन-क्रिमीलेअर मार्चमध्येच संपलेलं असतं, कुणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. माझं म्हणणं असं की जालन्यासारख्या जिल्ह्यात आईवडिलांची सगळ्यात मोलाची मदत पैशांच्या आधी कागदांची आहे. ती अकरावीतच सुरू झाली पाहिजे, आणि प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की तिथे आईवडिलांनी हात आखडता घेतला पाहिजे.

सगळ्यात अवघड कागदापासून सुरुवात करू. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी पुरावा लागतो तो मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्या तारखेच्या आधीची वडिलांकडच्या पूर्वजांची नोंद दाखवायची असते. जालन्यातल्या घरासाठी हे पुण्यातल्या घरापेक्षा कठीण आहे, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. इथल्या जुन्या नोंदी उर्दूत आहेत, मोडीत आहेत, आणि पुष्कळ घरांच्या तर नाहीतच. निजामकाळातल्या एका नोंदीचं मोल काय असतं, हे २०२३ साली याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. अशा नोंदी तपासण्यासाठी सरकारला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. त्या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, नोंद शोधण्याचं काम इथल्या हजारो घरांना चुकलेलं नाही.

आता हे काम जवळून पाहा. आजोबा ज्या गावच्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकले, तिथल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत त्यांचं नाव शोधायचं. पिवळी पडलेली पानं, फिकी शाई. नाव किसन आहे, आडनावाच्या जागी नुसतं बापाचं नाव आहे, जातीच्या रकान्यात अक्षर लागत नाही. नातीच्या दाखल्यावर मात्र किशनराव, पुढे आडनाव. हे दोघे एकच माणूस, हे शपथपत्र करून आणि वंशावळ जोडून पटवावं लागतं. सख्ख्या चुलत भावाची वैधता आधी झालेली असेल तर वाट बरीच सोपी होते. यातलं सतरा वर्षांच्या मुलीला काय ठाऊक असणार? आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, चुलत्याच्या घरी कुणाची व्हॅलिडिटी निघाली आहे, हे बापाला माहीत असतं, आत्याला माहीत असतं. विज्ञान शाखेच्या मुलांचा वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे जातो आणि तो अकरावी-बारावीत करता येतो. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करायचं कारणच नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचं गणित वेगळं आहे. तो ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिलनंतरच निघतो आणि जूनमध्ये तहसीलला सगळ्यांची एकदम गर्दी होते. या एका कागदावर किती काही टांगलेलं आहे! राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी आठ लाखांची मर्यादा आहे, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मुलींच्या शिक्षणासाठी अलीकडच्या काळात सरकारने उचललेलं हे सगळ्यात मोठं पाऊल आहे, असं मी मानते. पण माफी आहे ती या दोन शुल्कांची. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च राहतोच. आणि ती मिळते केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, आलेल्यांना. ‘कशाला राउंडची वाट बघता, सीट पक्की करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले, तर शुल्कमाफीवरही पाणी सोडावं लागतं. हे वाक्य ज्या घरात आधी पोहोचतं त्या घराचे काही लाख वाचतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे शिकलेल्यांना जमेल. मोंढ्यात हमाली करणाऱ्या, सळईच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाने काय करावं? आक्षेप खरा आहे. २०११ च्या जनगणनेत जालना साक्षरतेत राज्याच्या तळाच्या जिल्ह्यांत होता. एकूण प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास, बायकांचं ६१ च्या. पण वर सांगितलेल्या कामांत इंग्रजी कुठे लागतं? तलाठ्याला गाठणं, गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे उतारा मागणं, चुलत्याकडून झेरॉक्स आणणं, ही कामं अक्षरओळख नसलेला बापही करतो, आणि त्याच्याशिवाय ती होतही नाहीत. अडतं ते महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या अर्जाशी, आणि तिथे मुलगी स्वतः समर्थ आहे. म्हणून तो अर्ज नेट कॅफेवाल्याच्या हवाली करू नये. त्याच्याकडून स्कॅन करून घ्या, प्रिंट घ्या, पण युजरनेम आणि पासवर्ड घरच्या वहीत राहू द्या. आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा असतो, रिचार्ज नसल्यामुळे ते सिम बंद पडलेलं असतं आणि ऐनवेळी ओटीपी येत नाही. नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागतं. हे काम दिवाळीच्या सुटीत सहज उरकतं. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात जिवावर येतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारजवळ सगळी माहिती असताना तीच माहिती गरिबाने पुन्हा पुन्हा का सिद्ध करायची? बापाची वैधता झाली आहे, तर लेकीला पुन्हा समितीपुढे का उभं करायचं? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यासाठी आवाज उठवलाच पाहिजे. शिष्यवृत्ती ही सरकारची मेहेरबानी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंड दिले म्हणून बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि त्याच बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, तेव्हा मराठवाड्याच्या पोरांना हैदराबादेपेक्षा जवळ एक दार उघडलं. वेळेवर मिळालेल्या पैशातून काय उगवतं, हे या मातीने पाहिलं आहे. पण व्यवस्था सुधारण्याची लढाई वर्षानुवर्षं चालणार आहे आणि आज बारावीत असलेल्या मुलीचं वर्ष त्यासाठी थांबत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील.

कागद जमले, अर्ज झाला, मग येतो पसंतीक्रम. आतापर्यंत पुढे असलेल्या आईवडिलांना इथे मागे सरणं फार जड जातं. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ती जागा गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणजे शेजारच्याच्या मुलाने घेतली म्हणून वर टाकलेली शाखा चार वर्षं गळ्यात पडते. मुलगी लांब जाईल ही भीती मी समजू शकते; त्या भीतीला उत्तर माहितीने द्यावं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यातच आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही नावं यादीत कुठे येतील, पुणे त्यांच्या वर की खाली, ते मुलीने ठरवावं. बापाने तिला एकच गोष्ट सांगावी, आणि ती खरी सांगावी: वर्षाला किती रुपये घर देऊ शकतं. हा आकडा आपल्या घरांत पोरांपासून लपवला जातो, मायेपोटीच लपवला जातो. मग ऑगस्टमध्ये वसतिगृहाचा पहिला हप्ता भरताना तो कळतो, आणि तेव्हा यादी बदलता येत नाही. तो यादी भरायच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, तिच्यासमोर वहीत लिहून ठेवावा.