तेल केसाला, पोषण मुळाला

केस कोरडे पडून तुटू लागले की घरोघरी खोबरेल तेलाची बाटली पुढे येते. त्यात चूक काहीच नाही. हे तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलात हा गुण नाही, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. न्हाण्याआधी ते जरूर लावावे. खाण्याच्या सोड्याने मात्र केस धुऊ नयेत. ते अधिकच राठ होतात.

पण त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तेल त्याला जपते, पोसत नाही. पोषण मुळाशी, रक्तातून मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. केसांच्या तक्रारीबरोबर थकवा असेल, दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे. वजन वाढत असेल, थंडी सोसत नसेल, तर थायरॉईड.

घरातल्या बाईने वर्षभर तेले बदलत राहावे आणि तिचे रक्त कुणीच तपासू नये, हा घरगुती उपाय नव्हे. ही हेळसांड आहे.