रामेश्वराची वाट आणि पाण्याचा घोट

मराठी घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनात काशी आणि रामेश्वर ही दोन नावे जोडीनेच नांदत असतात. काशी कधीतरी होऊन जाते. रामेश्वर मात्र ‘फार लांब’ म्हणून मागे राहते. वस्तुतः तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या पंबन बेटावरील हे उन्हाचे, वाळूचे आणि ताडामाडांचे गाव चार दिवसांच्या जोडसुट्टीत बेताच्या खर्चात पाहता येते आणि पंचाहत्तरी गाठलेल्यांनाही ते झेपू शकते. देवळाच्या वेळांइतकाच शरीराच्या वेळांचा विचार करून आखणी केलेली असावी, एवढेच.

आखणीची सुरुवात पंचांगापासून करावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील पावसाचा काळ आणि एप्रिल-मे असह्य उकाड्याचा. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा सुसह्य असते. मात्र पौष अमावास्येला समुद्रस्नानासाठी लोटणारी गर्दी वृद्धांसाठी नव्हे. आषाढी आणि सर्वपित्री अमावास्येचेही तेच.

मुंबईहून मदुराईपर्यंत विमानाने आणि पुढे सुमारे १७० किलोमीटर गाडीने किंवा रेल्वेने, हा थोडक्या दिवसांचा मार्ग. पहिली रात्र मदुराईतच काढावी. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे. परंतु खालच्या बर्थचा राखीव कोटा अद्याप आहे. साठीपुढील पुरुष आणि पंचेचाळिशीपुढील स्त्रिया, एकट्या अथवा दोघांच्याच तिकिटावर, तो मागू शकतात. १९१४ च्या जुन्या पुलाची जागा आता एप्रिल २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पंबन पुलाने घेतली आहे. गाडी त्यावरून जाऊ लागली की दोन्ही अंगांना केवळ समुद्र! त्या वेळी आजोबांना खिडकीची जागा द्यावी.

काटकसर जेवणात आणि खरेदीत खुशाल करावी. मुक्कामाच्या खोलीत करू नये. देवळाजवळची, तळमजल्याची किंवा लिफ्ट असलेली, उंच कमोडची खोली शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडली तरी ती घ्यावी. त्या पैशांत गुडघे वाचतात.

आता तीर्थांविषयी. प्रथम अग्नितीर्थ म्हणजे समुद्रस्नान, मग ओलेत्यानेच देवळातील बावीस तीर्थांचे पाणी बादलीबादलीने डोक्यावर घ्यायचे, असा परिपाठ आहे. हजाराहून अधिक खांबांची ती प्रसिद्ध ओवरी डोळे भरून पाहावी अशी आहे. पण तीर्थांच्या वाटेवरची फरशी सतत ओली असते, वर्दळ असते आणि पायांत वहाणा नसतात. वृद्धांच्या शरीरातील ऊब लवकर निघून जाते. हृदयविकार, तोल जाण्याची तक्रार किंवा अलीकडचे अस्थिभंग असतील तर बावीस तीर्थांचा हट्ट धरू नये. मात्र हे देवळाच्या दारात सांगू नका. घरीच, निघण्यापूर्वी, शांतपणे बोला. आयुष्यभर मनात जपलेली गोष्ट ऐनवेळी ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणून नाकारली जाणे फार लागते. एखाद्या तीर्थाचे पाणी ओंजळीत घेऊन मस्तकी लावण्याचा पर्याय त्यांनी स्वतः निवडला, तर त्यात उणेपणा राहत नाही. मधुमेहींच्या पायांची संवेदना मंदावलेली असते. तापलेल्या दगडावर फोड येऊनही कळत नाही. म्हणून त्यांचे दर्शन सकाळी लवकर उरकावे आणि रात्री तळवे स्वतः तपासावेत.

काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गंमत अशी, की त्याच वाटेवर आज आपल्याबरोबरची माणसे तहानलेली राहतात आणि आपल्याला ते कळतही नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शिवाय पुष्कळ वृद्ध प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत. स्वच्छतागृह मिळेल की नाही, कोणाला किती वेळा सांगायचे, हा संकोच. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना भोवळ येते, लघवी गडद होते आणि क्वचित बोलण्यात विसंगती येऊ लागते. अशा वेळी ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नये. दर दीड-दोन तासांनी न विचारता अर्धा पेला पाणी पुढे करावे आणि ‘तेथे स्वच्छतागृह आहे’ हे आपणच आधी सांगावे. लांबच्या पल्ल्याला प्रौढांचे डायपर वापरण्यात लाज नाही. ते कोणासमोर न बोलता पिशवीत ठेवावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी उन्हाळी हवेतील प्रमाण आणि गोळीची वेळ निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. इन्सुलिन हातातल्या पिशवीत असावे. विमानाच्या सामानात किंवा उन्हात उभ्या गाडीत ते बिघडते.

शहाळे तेथे पावलोपावली मिळते. निरोगी माणसाला ते अमृत. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते.

बेटाचे जेवण मात्र वृद्धांच्या दातांना आणि खिशाला दोहोंना मानवणारे. वाफाळती इडली, मिरी-जिऱ्याचा मऊ पोंगल, केळीच्या पानावरचा भात, रसम् आणि शेवटी दहीभात. पोंगलवर तुपाची धार सढळ असते, ती बेताने. मधुमेहींनी भात अर्धा घेऊन भाजी दुप्पट मागावी. मीठ खरे लपते ते सांबार, लोणचे आणि पापडात. मासे खाणाऱ्यांनी ताज्या माशाचे कालवण दुपारी जेवावे. सुक्या मासळीतले मीठ रक्तदाबाला झेपत नाही. जानेवारीत ताडाच्या कोवळ्या कोंबांचे उकडलेले कंद विकायला येतात. चव पिठूळ, धागे पुष्कळ; कवळी असेल तर नुसती चव पाहावी.

धनुष्कोडी सुमारे वीस किलोमीटरवर. १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने ते गाव उद्ध्वस्त केले. पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तेथे सावली नाही. दुपारी चारच्या सुमारास निघून उजेडातच परतावे, टोपी आणि पाणी बरोबर असू द्यावे.

आणि करुपट्टी, म्हणजे ताडरसाचा काळसर गूळ. ‘मधुमेहींना चालतो’ असे दुकानदार हमखास सांगेल. चव खरोखर सुरेख आहे, अवश्य आणावा. घरी त्याचा डबा मात्र साखरेच्या डब्याशेजारीच ठेवावा.