बाद कोण होते?

नाताळच्या सुट्टीत कर्जत-खोपोलीच्या लोकलने मुंबईचे आप्त आमच्या कर्जत-खालापूर तालुक्यांतील घरी उतरतात आणि जेवणे आटोपताच संगीत खुर्ची मांडली जाते. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. गुडघे धरलेली आजी आधीच भिंतीशी सरकते. पहिल्या फेरीत पोलिओने पाय अधू झालेले काका बाद, दुसरीत बुजरे पोर. हौजीतही तेच. आकडे इंग्रजीत पुकारायचे आणि मराठी शाळेत शिकलेल्या मावशीने शेजारणीच्या तिकिटात डोकवायचे! ‘गंमत आहे हो, एवढे काय मनावर घेता?’ असे म्हणणारे बहुधा शेवटच्या खुर्चीवर बसलेले असतात.

खुर्च्या कमी कराव्यात, माणसे नव्हेत. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी एकमेकांना सामावून घ्यावे (आजीची तेवढी हलवू नये). १९९८ साली दिल्लीत अंधांच्या क्रिकेटचा पहिला विश्वचषक झाला. तिथे खेळाडूंना वगळले नाही, चेंडू वाजता केला. भेंड्यांना तर काहीच सामान लागत नाही, आणि त्यांत आजीच भारी पडते.

आणि भांडी घासायला आलेल्या कातकरी बाईची मुलगी दारातून हे सारे पाहत असते. तिला आत बोलवा. सागरगोट्यांत ती तुमच्या मुलांना सहज हरवील.