टायटॅनिकवर कुत्र्याचं रॅप!

मंडळी, लेकरांच्या हातात मोबाईल देऊन मोकळं व्हायच्या आधी आत काय चाललंय ते जरा बघा. मी 'टायटॅनिक: द लेजेंड गोज ऑन' हा २००० सालचा इटालियन कार्टूनपट शेवटपर्यंत सोसला. १९१२ साली ज्या जहाजावर सुमारे १५०० माणसं गेली, तिथं एक कुत्रा मध्येच येऊन रॅप म्हणतो! का? कुणालाच माहीत नाही. बोलणारे उंदीर तर वेगळेच. १९९९ च्या 'द लेजेंड ऑफ द टायटॅनिक'ची तऱ्हा त्याहून न्यारी. तिथं अवाढव्य ऑक्टोपस मदतीला धावतो अन् सगळेच वाचतात.

वर आपलं ठरलेलं, "लेकरांना काय कळतंय?"

सगळं कळतं! औंढ्याची कथा घ्या. नामदेवांना कीर्तनातून उठवून देवळामागं धाडलं, हा अपमान आपले कीर्तनकार लेकरांपासून लपवत नाहीत. म्हणून देऊळ फिरलं म्हटलं की लेकरू डोळे मोठ्ठे करून ऐकतं, अन् नंदी मागंच कसा राहिला ते बघायला पळतं. हीच कथा या कार्टूनवाल्यांच्या हाती द्या. अपमान गाळतील, देऊळ उगीच गरगरा फिरवतील अन् नंदीला गॉगल घालून नाचवतील.